सोलापूर : केंद्रातून स्वच्छ निघालेल्या पाण्याला हौदात चिकटा का धरतो?

बाळीवेस_वाडा

नमस्कार मंडळी. आपल्याकडे पाणी येतं ते उजनीच्या जलवाहिनीतून, भीमेवरच्या टाकळीहून आणि थोडंफार हिप्परग्याच्या तलावातून. पाकणी, सोरेगाव, भवानी पेठ इथल्या केंद्रांत ते शुद्ध होतं. तुरटी, गाळण, क्लोरीन असे सगळे टप्पे होतात. तरीही हौदाच्या भिंतीवर, बॉलकॉकच्या दांड्यावर आणि तोटीच्या जाळीत बुळबुळीत थर धरतोच. तो हिरवा नसतो, म्हणजे उन्हामुळे आलेलं शेवाळ नाही. बंद पाईप कापला तर आतही तोच थर दिसतो.

मला नेमकं हे समजून घ्यायचं आहे : केंद्रात पाण्यावर जी प्रक्रिया होते, तिच्यातली कोणती गोष्ट पुढे पाईपात जिवाणू किती वाढणार हे ठरवते? क्लोरीन कमी पडतो एवढंच कारण आहे का? जाणकारांनी आकड्यांसह लिहावं.

---

रसायनशाळा

क्लोरीन हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं म्हणजे अन्न.

शुद्धीकरण केंद्र पाणी निर्जंतुक करत नाही, रोगजंतूमुक्त करतं. यात मोठा फरक आहे. केंद्रातून निघालेल्या उत्तम पाण्यातही निरुपद्रवी जिवाणू थोडेफार जिवंत असतात. ते पाईपाच्या भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती डिंकासारखा पदार्थ सोडतात आणि त्या डिंकात वस्ती करतात. हीच बायोफिल्म. पाईपातल्या एकूण जिवाणूंपैकी बहुतेक सगळे, साधारण ९५ टक्के, भिंतीवर असतात आणि वाहत्या पाण्यात अगदी थोडे. म्हणून पाण्याचा नमुना साफ आला तरी भिंत साफ आहे असं होत नाही.

ही वस्ती किती वाढणार ते पाण्यात पचण्याजोगा कार्बन किती उरला यावर ठरतं. पाण्यातला सगळा सेंद्रिय कार्बन जिवाणूंना खाता येत नाही. कुजक्या पालापाचोळ्यातून आलेले मोठे, किचकट रेणू तसेच राहतात. छोटे रेणू, म्हणजे ॲसिटेट, ऑक्झॅलेट, अमिनो आम्लं, ते मात्र लगेच फस्त होतात. या पचणाऱ्या भागाला एओसी (असिमिलेबल ऑरगॅनिक कार्बन) म्हणतात आणि तो मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका मायक्रोग्रॅम कार्बनवर ढोबळमानाने एक कोटी पेशी उभ्या राहतात. म्हणजे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम एओसी असेल तर एका मिलिलिटरमध्ये लाखभर पेशी पोसल्या जाऊ शकतात. नेदरलँड्समध्ये नळाला क्लोरीन न ठेवताच पाणी देतात. तिथे एओसी १० च्या आसपास किंवा खाली असलं की पाणी जैविकदृष्ट्या स्थिर मानतात. क्लोरीन राखून पाणी देणाऱ्या ठिकाणी ही मर्यादा ५० ते १०० पर्यंत चालते असं मानलं जातं.

आता खरी मेख. क्लोरीन स्वतःच हे अन्न वाढवतो. मोठे न पचणारे रेणू तो तोडतो आणि त्यांचे छोटे पचणारे तुकडे करतो. ओझोन तर हे काम कितीतरी जोरात करतो. म्हणून जिथे ओझोन वापरतात तिथे त्याच्यामागे कार्बनचा जैविक फिल्टर ठेवावाच लागतो. नाहीतर केंद्रातून शुद्ध पाण्याबरोबर पाईपातल्या जिवाणूंना शिधाही रवाना होतो.

---

जुळे_सोलापूर_०९

सर, मग सोपा उपाय आहे ना? क्लोरीन वाढवा. शेवटच्या टोकाला ०.२ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) मिळत नसेल तर केंद्रातून १ ऐवजी ३ पीपीएम सोडा. जिवाणूंना अन्न मिळालं तरी जगणार कसे?

---

रसायनशाळा

@जुळे_सोलापूर_०९, हिशोब मांडून बघू. समजा पाण्यात क्लोरीन दर ६ तासांनी निम्मा होतो. गरम आणि सेंद्रिय अंश असलेल्या पाण्यात हे अगदी शक्य आहे. १ पीपीएमने सुरुवात केली तर ६ तासांनी ०.५, १२ तासांनी ०.२५, २४ तासांनी ०.०६. आता ३ पीपीएमने सुरुवात करा. २४ तासांनी उरतो ०.१९. म्हणजे तिप्पट क्लोरीन घालूनही टोकाला ०.२ गाठता आला नाही. शिवाय केंद्राजवळच्या वस्तीत पाणी तोंडात धरवणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे मधल्या उंच टाकीवर पुन्हा क्लोरीन देणं. १२ तासांनी ०.२५ उरलेला असताना तो ०.८ पर्यंत नेला की आणखी १२ तासांनी बरोबर ०.२ राहतो. एकूण क्लोरीन लागला १.५५ पीपीएम, म्हणजे तिपटीच्या जेमतेम अर्धा.

आणि तिसरा मार्ग म्हणजे आधीच सेंद्रिय अंश इतका काढा की क्लोरीन निम्मा व्हायला ६ ऐवजी १२ तास लागतील. मग १ पीपीएमनेच, मध्ये काहीही न घालता, २४ तासांनी ०.२५ उरतो. माझा सगळा भर या तिसऱ्यावर आहे. इथे एकाच कामात क्लोरीनही टिकतो आणि जिवाणूंचं अन्नही कमी होतं.

जास्तीच्या क्लोरीनचा आणखी एक तोटा. सेंद्रिय अंशाशी संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मला ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटरची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

---

सूक्ष्मदर्शी

वरचं सगळं बरोबर आहे. त्यात पीएचची भर घालते, कारण आपल्याकडच्या पाण्याला ती फार लागू आहे.

पाण्यात विरघळलेला क्लोरीन दोन रूपांत असतो : हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराईट आयन. जंतू मारायचं खरं काम पहिलं रूप करतं, दुसरं त्याच्या मानाने फारच ढिलं. पीएच ७.५ च्या सुमारास दोन्ही निम्मे-निम्मे. पीएच ८.५ ला मारणारं रूप दहावा हिस्साही उरत नाही. जलाशयात शेवाळ माजलं की ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साईड ओढून घेतं आणि पीएच चढतो. उजनीत वरून मुळा-मुठेचं पाणी भीमेतून येतं, सोबत नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, म्हणजे शेवाळाला खत आयतंच मिळतं. अशा दिवसांत मीटरवर ०.५ पीपीएम दिसतो, पण त्याची धार पीएच ७ च्या ०.५ सारखी नसते.

शेवाळाचं दुसरंही आहे. कच्चं पाणी आत येतानाच भरपूर क्लोरीन दिला तर शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतला सगळा रस पाण्यात मिसळतो. अख्खी पेशी तुरटीत अडकून तळाशी बसली असती. फुटलेल्या पेशीतले विरघळलेले पदार्थ तुरटीला सहज सापडत नाहीत, वाळूतूनही निसटतात आणि थेट पाईपात जातात. म्हणून शेवाळाच्या मोसमात आधीचा क्लोरीन बेताने द्यायचा. पेशी अख्ख्या राहतील अशा रीतीने आधी बसवायच्या आणि मुख्य मात्रा गाळणीनंतर.

---

गड्ड्यावरचा

आमच्या गावाकडच्या योजनेत तुरटीची मात्रा गढूळपणा बघून ठरवतात. ती सेंद्रिय अंशासाठीही तपासायची असेल तर कशी?

---

रसायनशाळा

जार टेस्ट तीच, फक्त बघायचं ते वेगळं.

१० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा, हे १ टक्का द्रावण. त्यातलं १ मिलिलिटर १ लिटर नमुन्यात घातलं की मात्रा होते १० पीपीएम. सहा जारमध्ये २०, ३०, ४०, ५०, ६०, ८० अशा मात्रा लावा. मिनिटाला १०० फेऱ्यांवर १ मिनिट ढवळा, मग ३० फेऱ्यांवर १५ ते २० मिनिटं, मग अर्धा तास स्थिर. वरचं पाणी अलगद काढून गढूळपणा मोजायचा, हे सगळेच करतात. त्यासोबत तेच पाणी गाळून २५४ नॅनोमीटरला अतिनील शोषण मोजा किंवा परमँगनेटची मागणी काढा, दोन्हींतून सेंद्रिय अंश किती उरला ते कळतं. बऱ्याचदा गढूळपणा ३० पीपीएमलाच उतरलेला असतो, पण सेंद्रिय अंश ५० पर्यंत उतरतच राहतो. जिथे तो उतरायचा थांबतो ती तुमची मात्रा.

तुरटी गढूळपणा काढते ती पीएच ६.५ ते ७.५ ला छान. सेंद्रिय अंश काढायला तिला ५.५ ते ६.५ चा पट्टा हवा. क्षारता (अल्कलिनिटी) भरपूर असलेल्या पाण्यात तिथपर्यंत पोचणं महाग पडतं. १ पीपीएम तुरटी जेमतेम अर्धा पीपीएम क्षारता खाते. तरी ८.३ चा पीएच ७.२ वर आणला तरी फरक पडतो.

उलट पीएच ८ च्या वर असताना नुसती तुरटी वाढवत राहिलं तर ॲल्युमिनियम विरघळलेलाच राहतो, वाळूतून पार होतो आणि पुढे पाईपात पीएच बदलला की पांढुरका गाळ होऊन तळाशी बसतो. हा हलका, कापसासारखा गाळ जिवाणूंना लपायला उत्तम. व्हॉल्व उघडल्यावर पहिल्या लोटात दुधाळ पाणी येतं त्याचं हे एक कारण असतं. मात्र ग्लासात घेतल्यावर दुधाळपणा तळाकडून वर निवळत गेला तर ती नुसती हवा आहे. खाली बसला तर गाळ.

---

सूक्ष्मदर्शी

फिल्टरबद्दल एक मुद्दा राहिला. वाळूच्या कणांवर जिवाणू राहत असतील तर तेच पाण्यातलं एओसी खाऊन टाकतात. म्हणजे जे जेवण पाईपात व्हायचं ते फिल्टरमध्येच उरकतं. आपल्या हवामानात वाळूतले जिवाणू जोमात असतात, पण त्यासाठी फिल्टरवर येणाऱ्या पाण्यात क्लोरीन नको आणि बॅकवॉशही (उलट प्रवाहाने फिल्टर धुणंही) बिनक्लोरीनच्या पाण्याने हवा. रोज क्लोरीनच्या पाण्याने बॅकवॉश केला की हा फायदा धुऊन जातो. दुसरी बाजू अशी की क्लोरीन अजिबात नसेल तर वाळूत चिखलाचे गोळे आणि वर शेवाळ लवकर होतं, मग हवेने घुसळण जोरात करावी लागते. कोणता तोटा पत्करायचा ते पाणी बघून ठरवावं.

बॅकवॉशनंतरची पहिली काही मिनिटं फिल्टरचं पाणी वाया सोडायचं हे मात्र सगळीकडे लागू. त्या वेळात गढूळपणा हमखास वर जातो आणि गढूळपणाच्या कणात बसलेल्या जिवाणूला क्लोरीन शिवत नाही. आयएस १०५०० ची गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे. ५ ची सवलत दुसरं पाणीच नसेल तेव्हाची. ५ ला रोजचं ध्येय मानू नये.

---

पाना_पकड

केंद्राचं झालं, आता रस्त्याखालचं बघू. पाणी कितीही चांगलं सोडा, पाईप त्याचं काय करतो ते महत्त्वाचं.

जुना ४ इंची बिडाचा पाईप आडवा कापला तर आत गोल भोक नसतंच. चहूबाजूंनी गंजाच्या गाठी आलेल्या असतात आणि मधून अडीच-तीन इंचांची वेडीवाकडी वाट उरते. गाठीचं वरचं कवच तांबूस आणि कडक. पान्याच्या टोकाने फोडलं की आत काळा मऊ लगदा निघतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तिथे प्राणवायू पोचत नाही आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू राहतात. या गाठी क्लोरीन गिळतात, कारण विरघळलेल्या लोखंडाच्या १ मिलिग्रॅमला ०.६३ मिलिग्रॅम क्लोरीन लागतो, मँगनीजला १.३. म्हणून त्याच पाण्याचा क्लोरीन एचडीपीईच्या (प्लास्टिकच्या) लाईनवर टिकतो आणि बिडाच्या लाईनवर दोन गल्ल्यांत संपतो. आतून सिमेंटचं अस्तर असलेला डीआय (डक्टाईल आयर्न) पाईप यात बराच बरा.

आता आपल्याकडची खास अडचण. पाणी रोज येत नाही. लाईन काही तास भरलेली, मग दिवसेंदिवस रिकामी किंवा अर्धी. रिकामी असताना आत दाब नसतो. त्यातून कुणी नळाला थेट मोटार लावली की दाब शून्याच्याही खाली जातो, आणि सांध्यातून, फुटक्या फेरुलमधून (मुख्य लाईनवरच्या नळजोडाच्या तुकड्यातून) बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गटारीतून जाणारं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं) कनेक्शन असेल तर काय ओढलं जाणार हे सांगायला नको. शिवाय ओलसर, कोंदट, उबदार पाईपात थर मजेत वाढतो, आणि पाणी सुटलं की पहिल्या जोराच्या लोटाने खरवडून निघतो. हुबळी-धारवाडला काही भागांत चोवीस तास पाणी आणि बाकी भागांत ठरावीक दिवशी पाणी, अशी तुलना झाली होती. ठरावीक दिवशीच्या पाण्यात दूषिततेची लक्षणं जास्त आढळली, आणि त्यातही पहिला लोट अधिक वाईट.

त्यामुळे करायच्या गोष्टी :

पाणी आल्यावर पहिली ५ ते १० मिनिटं हौदात किंवा पिण्याच्या भांड्यात घेऊ नका, बादलीत धरून धुण्याला वापरा. पाणी गढूळ असेल तर निवळेपर्यंत. नळावर थेट मोटार नको. हौद रस्त्याच्या पातळीखाली घ्या, पाणी आपोआप पडू द्या आणि मोटार हौदातून वर चढवायला लावा. रबरी नळीचं टोक हौदातल्या पाण्यात बुडवून ठेवू नका. दाब गेला की तीच नळी हौदातलं पाणी लाईनमध्ये ओढते. टोक पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर वर हवं. गटार ओलांडणारं कनेक्शन काढून एचडीपीई टाका आणि गटारीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी जास्त लांबीच्या बाहेरच्या पाईपात घाला. मुख्य लाईन आणि ड्रेनेजमध्ये आडवं अंतर ३ मीटर, आणि जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाण्याची लाईन अर्धा मीटर वर, असा नियम आहे. जुन्या पेठांच्या बोळांत ३ मीटर मिळत नाही, तिथे निदान वरखालीचं अंतर पाळा.

---

बाळीवेस_वाडा

@पाना_पकड दादा, गल्लीच्या बंद टोकाला वॉशआऊट व्हॉल्व असतो. तो नुसता उघडला की लाईन धुतली जाते का?

---

पाना_पकड

नुसता उघडून नाही. भिंतीवरचं सुटायला पाण्याला सेकंदाला निदान १.५ मीटर वेग हवा. ४ इंची लाईनमध्ये त्यासाठी मिनिटाला सुमारे ७०० लिटर निघाले पाहिजेत, ६ इंचीत १६०० च्या आसपास. ४ इंची लाईनच्या १०० मीटरमध्ये जवळपास ७८५ लिटर पाणी मावतं. त्याच्या दोन-तीन पट सोडलं की काम झालं, म्हणजे सव्वादोन ते साडेतीन मिनिटं. तासभर बारीक धार सोडून ठेवण्यापेक्षा कमी पाणी लागतं आणि काम जास्त होतं. बाजूच्या गल्ल्यांचे व्हॉल्व बंद करून एकाच दिशेने, स्वच्छ लाईनकडून घाण लाईनकडे जायचं. उलट केलं तर गाळ शेजाऱ्याकडे. आणि धुतल्यावर क्लोरीन तपासायचाच, कारण उघडा पडलेला थर पुन्हा धरायला वेळ लागत नाही.

---

गड्ड्यावरचा

आमच्याकडे जलसुरक्षक ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी) करतात. पिवळा रंग आला की "क्लोरीन आहे" म्हणून वहीत टिपतात. तेवढं पुरेसं आहे का? कधी कधी पिवळा रंगही येतो आणि पाण्याला उग्र वासही.

---

सूक्ष्मदर्शी

नाही, आणि तुमच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे.

पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशी संयोग पावतो आणि क्लोरामाईन होतं. मोकळा क्लोरीन उरतो तो अमोनिया संपल्यावरच. अमोनियातल्या नायट्रोजनच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे हिशोबाने ७.६, प्रत्यक्षात ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. म्हणजे अमोनिया-नायट्रोजन ०.५ असलेल्या पाण्यात ४ ते ५ पीपीएम क्लोरीन गेल्याशिवाय मोकळा क्लोरीन दिसणारच नाही. तुम्ही २ पीपीएम दिला तर पाण्यात फक्त क्लोरामाईन आहे. उग्र वास बहुतेक वेळा याच मधल्या अवस्थेचा. "वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झाला" ही समजूत इथे उलटी ठरते, बहुधा तो कमी पडलेला असतो.

ओटी टेस्टमध्ये मोकळा क्लोरीन लगेच, थेंब पडताच रंग देतो. क्लोरामाईन सावकाश रंग देतं. म्हणून नळी हलवून ५ ते १० सेकंदांत रंग वाचा, मग ५ मिनिटांनी पुन्हा. सुरुवातीला जेमतेम फिक्कट आणि नंतर गडद पिवळा झाला तर मोकळा क्लोरीन नगण्य आहे. नमुना गरम असेल तर हा फरक पुसला जातो, म्हणून उन्हाळ्यात आधी नळी गार पाण्यात धरावी. जमत असेल तिथे डीपीडी गोळी वापरा. पहिल्या नंबरच्या गोळीने येणारा गुलाबी रंग मोकळ्या क्लोरीनचा, तिसऱ्या नंबरची टाकल्यावर एकूण. ओटी द्रावण हातावर सांडू नका आणि तपासलेलं पाणी हौदात परत ओतू नका.

क्लोरामाईन अगदीच वाईट नाही. ते मारतं हळू, पण टिकतं जास्त, आणि बायोफिल्ममध्ये मोकळ्या क्लोरीनपेक्षा खोल शिरतं. मोकळा क्लोरीन थराच्या पृष्ठभागावरच खर्ची पडतो. म्हणून काही शहरं मुद्दाम क्लोरामाईन वापरतात. पण तिथे अमोनियाचं प्रमाण काटेकोर राखतात. आपोआप झालेल्या क्लोरामाईनमध्ये तसं काही नसतं. ते विघटित झालं की अमोनिया सुटतो, अमोनिया खाणारे जिवाणू वाढतात, नायट्राईट तयार होतो आणि तो उरलासुरला क्लोरीन खातो.

---

रसायनशाळा

केंद्रातला एक निर्णय पाईपातल्या जिवाणूंवर कुठवर परिणाम करतो याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं फ्लिंट शहर. एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक रसायन दिलं नाही. शिशाची बातमी जगभर झाली. पण त्याच गंजाने पाईपांतला क्लोरीनही खाल्ला, आणि २०१४-१५ मध्ये तिथे लीजनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूची साथ येऊन किमान १२ जण दगावले. स्रोत बदलताना नवं पाणी जुन्या पाईपाशी कसं वागेल हे आधी तपासायला हवं. आपल्याकडे एकाच भागाला कधी उजनीचं तर कधी टाकळीचं पाणी मिळू शकतं, म्हणून हे ध्यानात ठेवावं.

---

जुळे_सोलापूर_०९

पटलं. केंद्र आणि लाईन आपल्या हातात नाही, हौद आणि गच्चीवरची टाकी आहे. तिथे नेमकं काय, किती घालायचं ते लिहा. आणि घरी आरओ आहे, मग हे सगळं लागतंच का?

---

पाना_पकड

चार-पाच दिवसांचं पाणी साठवणाऱ्या घरात हौद आणि टाकी म्हणजे लाईनचाच शेवटचा तुकडा, आणि पाणी सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबतं. वैशाखात गच्चीवरची टाकी इतकी तापते की हात घातला तर पाणी कोमट नाही, चक्क गरम लागतं. तपमान १० अंशांनी वाढलं की क्लोरीन दुप्पट-तिप्पट वेगाने उडतो. टाकीला सावली करा, बाहेरून पांढरा रंग द्या. झाकण घट्ट हवं आणि आत उजेड अजिबात नको.

धुण्याची रीत. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी हौद रिकामा करा, म्हणजे पाणी वाया जात नाही. झाकण तासभर उघडं ठेवून हवा खेळू द्या. आत एकट्याने उतरू नका, वर एक माणूस हवाच. आधी ब्रशने घासायचं, क्लोरीन नंतर. थर जागेवर असताना पावडर टाकून उपयोग नाही. कोपरे, बॉलकॉकची दांडी, फूट व्हॉल्वची जाळी विसरू नका. गाळ उपसून टाका.

मग क्लोरीन. हजार लिटर टाकी भरून ५० पीपीएम करायचं तर २५ टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग पावडर) २०० ग्रॅम लागते. ३३ टक्क्यांची असेल तर १५०. पण इतकं पाणी ओतून द्यायला आपल्याकडे नसतं. त्यापेक्षा १० लिटरच्या बादलीत २५ टक्क्यांची ८ ग्रॅम टीसीएल घाला, हे २०० पीपीएम झालं. पावडर थोड्या पाण्यात कालवा, चुन्याचा साका बसू द्या आणि वरची निवळी तेवढी बादलीत घ्या. ही निवळी भिंती, तळ, झाकणाच्या आतल्या बाजूला ब्रशने लावून अर्धा तास ओली ठेवा, मग खळखळून धुवा. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं. ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रव याच्याजवळसुद्धा आणू नका, विषारी वायू होतो. दर तीन महिन्यांनी हे करावं.

टीसीएल उघड्या पिशवीत ठेवली की तिचा दम जातो. हवाबंद डब्यात, अंधारात, लोखंडी वस्तूंपासून लांब. ढेकळं झाली असतील तर ती २५ टक्के धरूच नका.

---

सूक्ष्मदर्शी

रोजच्या मात्रेचं मी लिहिते. हौद भरला की ओटी करा. मोकळा क्लोरीन ०.२ च्या खाली असेल तरच घाला. हजार लिटरला २५ टक्क्यांची २ ग्रॅम टीसीएल किंवा ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराईट १० मिलिलिटर घातलं की ०.५ पीपीएम वाढतो. अर्धा तास थांबून पुन्हा तपासा. कपड्यांसाठीचं सुवासिक ब्लीच चालणार नाही. हौदात बोअरचं पाणी मिसळत असाल तर मात्रा अंदाजाने ठरवू नका, त्यातलं लोखंड आधी क्लोरीन खाईल.

पिण्याचं पाणी वेगळं ठेवा. पाच माणसांना माणशी ५ लिटरने पाच दिवसांचे १२५ लिटर होतात. तेवढ्यापुरतं तोटीचं, झाकणाचं वेगळं भांडं असलं की क्लोरीन राखणं सोपं जातं. तांब्या बुडवून पाणी काढू नका. आणि एक कळकळीची विनंती : रंग-रसायनांची रिकामी निळी पिंपं पाण्यासाठी घेऊ नका. प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही.

आरओबद्दल. त्यातला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, कारण क्लोरीनने पडदा खराब होतो. म्हणजे कार्बनच्या पुढे पाण्याला काहीच संरक्षण नाही. पडद्यावर, साठवण टाकीत आणि तोटीच्या नळीत थर धरू शकतो. यूव्ही दिवा त्या क्षणी मारतो, पुढे काही टिकवत नाही. दोन दिवस घर बंद असेल तर आल्यावर आरओची टाकी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरू द्या. सकाळचं पहिलं लिटरभर भांडी धुवायला वापरा. कार्बन आणि गाळाचा फिल्टर वेळेवर बदला, साठवण टाकी उघडून धुवा. हौद घाण असेल तर आरओवरचा भार वाढतो, त्यामुळे वरचं सगळं आरओ असलं तरी लागतंच.

---

बाळीवेस_वाडा

शेवटची शंका. चिकटा दिसला म्हणजे रोग होणारच असं आहे का? आणि घरच्या घरी तपासायचं तर कसं?

---

सूक्ष्मदर्शी

असं नाही. थरातले बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात. पण तोच थर स्युडोमोनाससारख्या संधीसाधूंना आणि बाहेरून घुसलेल्यांना आसरा देतो, म्हणून तो वाढू द्यायचा नाही. लहान बाळं, वयस्कर माणसं, केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असलेले यांच्या घरात जास्त काळजी घ्यावी.

तपासणीत दोन गोष्टींची गल्लत करू नका. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू सापडला तर तो पाईपात वाढलेला नसतो, मैला कुठूनतरी आत आलाय असं समजा आणि गळती शोधा. नुसते कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्या गटात मोडतो ते जिवाणू) सापडले तर क्लेब्सिएला किंवा एंटरोबॅक्टरसारखे थरात वाढणारेही असू शकतात. एकूण जिवाणूंची संख्या फक्त वाढीचा कल सांगते, रोगाचा नाही.

घरी मैल्याच्या जिवाणूंची चाहूल देणारी एचटूएसची बाटली वापरता येते. १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडलेली, स्वस्त चाचणी आहे. तोटीची जाळी काढा, धातूची तोटी असेल तर ज्योतीने शेका, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग खुणेपर्यंत भरा. बाटलीच्या आत बोट लावू नका. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर ते उकळल्याशिवाय पिऊ नका आणि पक्क्या तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेत द्या. तिथून मिळणाऱ्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेटचे कण असतात, ते धुऊन टाकू नका. ते क्लोरीन थांबवतात. नाहीतर वाटेत क्लोरीन जिवाणू मारत राहतो आणि अहवाल खोटा साफ येतो. बाटली बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत पोचवा.

एकाच दिवशी तीन ठिकाणचे नमुने घ्या : नळाचा पहिला लोट (इथे आधी पाणी सोडायचं नाही), दहा मिनिटांनंतरचा नळ, आणि हौदातलं तीन दिवस साठलेलं पाणी. त्याच वेळी तिन्हींची ओटी. पहिलाच खराब असेल तर लाईन रिकामी असताना काहीतरी घडतंय. दुसराही खराब असेल तर गल्लीतली गळती किंवा मुळात क्लोरीनच नाही. फक्त तिसरा खराब असेल तर ब्रश घेऊन हौदात उतरायची वेळ झाली आहे.